खालचं खाचर

आषाढात नऊ दिवस पाऊस थांबला. तोवर वरच्या खाचराची लावणी उरकली होती. खालचं खाचर मात्र नांगरलेल्या ढेकळांसकट कोरडं पडलं होतं.

सरस्वती रोज सकाळी राबाजवळ, भाताची रोपं वाढवायच्या वाफ्याजवळ, जाऊन एक रोप उपटून बघायची. चोविसाव्या दिवशी रोपाला पाचवं पान फुटलं होतं, मुळं पांढरीशुभ्र होती. अजून आठवडाभर थांबता आलं असतं. त्यानंतर रोप राबातच फुटवे धरतं आणि मग खाचरात नुसतं उभं राहतं.

"फोन आला होता वकीलबाईंचा," लेक अस्मिता मागून येत म्हणाली. ती उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. "पंचनामा गणपतीनंतर. त्या दिवशी खाचरात भात दिसलं पाहिजे. तेवढंच आपलं काम, बाकी कागद त्या बघतील."

खालचं खाचर बावीस गुंठ्यांचं. सरस्वतीच्या नवऱ्याच्या, बबनच्या, आजापासून ते या घराकडे कुळाने होतं, पण सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकांचंच राहिलं. कात्रपचे टॉवर बांधाबांधाने सरकत पाड्याजवळ आले, तसा मालकांचा नातू समीर जागा झाला. ही जमीन कुणी कसतच नाही, असा त्याचा अर्ज तहसीलदारांकडे पडला होता. वरचं दहा गुंठ्यांचं खाचर बबनच्या नावावर होतं. दहा गुंठ्यांचं भात पौषापर्यंत पुरतं. पुढचं वर्ष खालच्या खाचरावर चाले.

खालच्या खाचराला लागून जयदेवचं शेत होतं, नाल्याच्या काठाने लांबट पसरलेलं. जयदेव वरच्या आळीतला, अडतिशीचा, टेम्पो चालवणारा. पाऊस थांबल्यावर त्याचा राब भेगाळला, म्हणून रविवारी सकाळी त्याने नाल्यात पंप टाकून राब भिजवला. सोमवारी शेंडे पांढरे पडले. बुधवारी राबाचा पेंढा झाला.

त्याची बायको वैष्णवी बांधावरून हाक मारत आली. "सरस्वतीवहिनी, जरा येऊन बघा हो. करपा हाय काय?"

सरस्वतीने रोप उपटलं. मुळं चहाच्या गाळासारखी तपकिरी होती आणि बोटाने दाबल्यावर साल सुटून आली. तिने बोटं नाकाशी नेली. तोच वास बबनच्या कामाच्या कपड्यांना यायचा. ते कपडे ती इतर कपड्यांत मिसळत नसे.

"करपा नाय हा," ती म्हणाली. "पाण्याचं हाय."

"पाणी तर नाल्याचंच. दरवर्षी घेतो आमी."

सरस्वतीने हात आपल्या पदराला न पुसता गवताला पुसले.

संध्याकाळी बबन पहिल्या पाळीवरून आला. अंबरनाथच्या कारखान्यात तो कंत्राटावर होता. सांडपाण्याच्या टाकीजवळचं काम, चौदा वर्षांचं. सरस्वतीने भाकरी वाढता वाढता जयदेवच्या राबाचं सांगितलं. बबनने घास मोडला, आमटीत बुडवला आणि ताटातच ठेवला.

"पंप कधी लावला त्याने?"

"रविवारी सकाळी."

बबनने बोटं ताटाच्या कडेला पुसली. शनिवारी त्याची दुसरी पाळी होती. पाचच्या सुमाराला डोंगराकडून आभाळ भरून आलं, तेव्हा सुपरवायझर छत्री घेऊन टाकीशी आला होता. "ऊपर से भरके आ रहा है, बबन. खोल दे, बारिश में बह जाएगा." दर पावसाळ्यात असंच व्हायचं. बबनने चाक दोन फेरे फिरवलं. टाकी दीड तासात नाल्यात उतरली. आणि पाऊस आलाच नाही.

हे त्याने जेवणावरून न उठता सांगितलं, हळू, अस्मितालाही ऐकू जाईल असं.

"नाल्यात पाणी किती होतं तेव्हा?" अस्मिताने विचारलं.

"घोट्याएवढं."

टाकी किती मोठी ते अस्मिताला ठाऊक होतं.

सरस्वती बराच वेळ चुलीतली राख ओढत बसली. मग म्हणाली, "अर्धं रोप देऊ त्याला. अर्ध्यात आपण पातळ लावू."

"अर्ध्याने त्याचं काय होणार? अर्धा एकर हाय त्याचं. पोरं हायेत."

"आणि आपलं खाचर?"

"रहू टाकू."

रहू म्हणजे मोड आणलेलं भात थेट चिखलात फेकायचं. राब नाही, लावणी नाही. पीक कमी येतं, पण येतं. त्यासाठी भात लागणार होतं. बियाणं तर सगळं राबात गेलं होतं, म्हणजे कणगीतलं खायचं भात काढावं लागणार. हळवं होतं ते, तीन-साडेतीन महिन्यांत येणारं.

अस्मिताने बोटांवर दिवस मोजले. "पंधरवड्यात पाऊस धरला, तरी गणपतीपर्यंत गुडघ्याच्या वर येईल. पंचनाम्याला दिसेल."

"दिसेल ना नक्की?" सरस्वतीने विचारलं.

"दिसेल, आई."

दुसऱ्या दिवशी जयदेव आला. अंगणात आला नाही, बांधावरच उभा राहिला. हातात टेम्पोची किल्ली फिरवत होता.

"वैष्णवी बोलली, तुमी रोप देता म्हणून."

"घेऊन जा," बबन म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

जयदेवने बबनकडे बघितलं, मग रोपांकडे. "बबनदादा, एक बोलू? आळीत मी सांगंन, मुरबाडकडून आणलं. आमच्या बाळकाकाचं तोंड तुमाला माहीत हाय. बौद्धवाड्याचं रोप लावलं म्हटल्यावर वर्षभर ऐकवंल. तुमाला चालंल ना?"

बबन म्हणाला, "चालंल."

सरस्वती राबात वाकलेली होती. तिने मान वर केली नाही.

पाड्यात सावड होती. आज तुझ्या शेतात चार बायका, उद्या माझ्या शेतात चार. पण वरच्या आळीची सावड वरच्या आळीत फिरे, बौद्धवाड्याची बौद्धवाड्यात. त्यामुळे वैष्णवी आणि सरस्वती एका राबात वाकल्या, असं त्या दोन दिवसांतच झालं. रोप मुळापासून ओढायचं, पाण्यात खळबळून माती सोडायची, पेंढ्याने मूठ बांधायची. दुपारपर्यंत बोटांच्या बेचक्या भिजून पांढऱ्या पडायच्या, कंबर सरळ करताना तोंडातून आवाज निघायचा.

"वहिनी, तुमच्या मुठी एकसारख्या कशा येतात हो? माझी एक पोरगी, एक म्हातारी."

"तू बोलतेस जास्त. मूठ बोलण्यात जाते."

वैष्णवी हसली. तिला तहान लागली होती. सरस्वतीने आपली बाटली पुढे केली. वैष्णवीने ती घेतली, क्षणभर धरली आणि वरून, ओठ न लावता, घटाघटा प्यायली. सरस्वतीही बाटलीतून तशीच प्यायची. तरी तो क्षण तिच्या लक्षात राहिला.

जयदेवने टेम्पो नाल्याच्या बाजूने आणला. मुठी भरल्या, वर ताडपत्री टाकली आणि वरच्या आळीतून न जाता मुरबाडच्या रस्त्याला लागून, वळसा घालून परत आला. पावणेदोनशे पावलांवरच्या शेतात रोप पोचायला पाऊण तास लागला. त्या संध्याकाळी पाऊस धरला. नाल्याला गढूळ पाणी आलं आणि वास वाहून गेला.

कणगीतलं भात सरस्वतीने रात्रभर भिजत घातलं, मग गोणपाटात बांधून वर दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी गोणपाटात हात घातला तेव्हा आत ताप आलेल्या पोराच्या अंगासारखं गरम लागलं. मोड आले होते. बबनने रजा टाकून चिखलणी केली, पाणी काढून दिलं आणि तिघांनी भात फेकलं. पुढचे पाच दिवस पाखरं राखायची होती. अस्मिता डब्याचं झाकण वाजवत बांधावर बसली. कॉलेजातली दोन प्रॅक्टिकल्स त्यात गेली.

"कॉलेजच्या बाई काय म्हणाल्या?" सरस्वतीने विचारलं.

"म्हणाल्या, एवढं काय अर्जंट होतं? मी सांगितलं, चिमण्या."

घरात आता रेशनचा तांदूळ शिजत होता. त्याला एक जुनाट वास होता.

चौदाव्या दिवशी रोपं वीतभर झाली, पातळ, पोपटी. जयदेवचं शेत तोवर गर्द हिरवं दिसू लागलं होतं. मग तीन दिवस पाऊस पडत राहिला. नाला फुगला, बांधावरून पाणी उलटलं आणि खालच्या खाचरात हातभर पाणी साचलं. सरस्वती घाबरली नाही. भात आठवडाभर पाण्याखाली जगतं. बांध फोडून पाणी काढायला नाला उतरण्याची वाट बघायची, एवढंच.

त्या संध्याकाळी तलाठ्याचा फोन आला. "उद्या अकराला स्थळपाहणी. हजर राहा."

"पण गणपतीनंतर होती ना?" अस्मिताने विचारलं.

"समोरच्या पार्टीने अर्ज दिला होता, ताई. वरून तारीख आली."

अंबरनाथ पूर्वेहून वकीलबाईंनी, मालिनीबाईंनी फोनवर सांगितलं, "मी तारीख वाढवून मागते. पण ऑफिस साडेदहाला उघडतं. तोवर तुम्ही सांभाळा."

काय सांभाळायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी सहा वाजता बबन आणि सरस्वती फावडी घेऊन खाचरावर गेले. बांध फोडला तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत आलं. नाल्याची पातळी खाचराहून चार बोटं वर होती. त्यांनी पुन्हा चिखल लोटून बांध बुजवला. मग घमेल्याने पाणी उपसत राहिले. बावीस गुंठ्यांतलं पाणी, दोन घमेली. साडेदहाला बबन थांबला. सरस्वती थांबली नाही, तेव्हा त्याने तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं.

तलाठी तरुण होता. रेनकोटाची टोपी डोक्यावर, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. समीर स्पोर्ट शूज घालून दूर सडकेवरच उभा होता. पंच म्हणून गावातली दोन माणसं लागतात. तलाठ्याने शेजारचे बोलावले होते: जयदेव आणि त्याचा चुलता बाळकाका.

तलाठ्याने बांधावरून फोटो काढला. फोटोच्या खाली तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश आपोआप उमटले. वर नुसतं पाणी आणि पाण्यात कात्रपच्या टॉवरांची उलटी सावली.

"पाण्याखाली हाय भात," सरस्वती म्हणाली.

"फोटोत दिसत नाही, मावशी."

सरस्वती साडी खोचून पाण्यात उतरली. दोन्ही हात बुडवून तिने मूठभर रोपं उपटली आणि त्याच्या समोर धरली. पानं गाळाने माखली होती, मुळं पांढरी होती.

"उपटलेलं पीक कसं लिहू? आणि गवतही असंच असतं."

अस्मिता पुढे झाली. "सर, पानाच्या बेचक्यात बघा. भाताला इथे पांढरी जीभ असते. बांधावरच्या या गवताला नसते. हे बघा."

तलाठी वाकला. नीट बघितलं. "मॅडम, मी बी.कॉम. आहे," तो म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. "समजा भात आहे. मग इतकं मागे का? शेजारचं बघा, कसं उभं आहे. तुमच्याकडे रोप नव्हतं का?"

"होतं," सरस्वती म्हणाली.

"मग लावलं का नाही?"

सरस्वतीने जयदेवकडे बघितलं. जयदेव चुलत्याच्या छत्रीच्या काडीवरून ओघळणारं पाणी बघत होता. बबनने दोन्ही घमेली एकात एक ठेवली.

"पंचांनी सांगावं," तलाठी म्हणाला. "काय दिसतं?"

"पाणी हाय," बाळकाका म्हणाला. "पीक नाय दिसत. उगाच खोटं कशाला बोला?"

"तुम्ही?"

जयदेव म्हणाला, "पाणीच दिसतंय." आणि ते खरंच होतं.

तलाठ्याने छत्रीखाली कागद धरला. त्यात पिकाचं नाव, क्षेत्र आणि शेरा असे रकाने होते. कारण लिहायला रकाना नव्हता. बाळकाकाने सही केली, मग जयदेवने. बबनपुढे कागद आला तेव्हा त्याचे हात चिखलाचे होते. तलाठ्याने आपला रुमाल दिला.

घरी आल्यावर सरस्वतीने विचारलं, "तुमी का नाय बोललात?"

"काय बोलू? रोप याला दिलं म्हटलं असतं, तर का दिलं ते विचारलं असतं. पुढचा सवाल माझ्याकडंच येतो."

"म्हणजे त्याने गिळलं ते त्याच्या आळीसाठी, आणि तुमी गिळलंत कारखान्यासाठी."

"घरासाठी," बबन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नाला उतरला. खाचरातलं पाणी काढून दिलं तेव्हा चिखलाला चिकटलेली रोपं दोन दिवसांत उठली. श्रावणात त्यांनी फुटवे धरले. गणपतीला अस्मिताने मोजलं तेव्हा रोप तिच्या कमरेला लागत होतं आणि पोटरीत आलं होतं, म्हणजे पात्याच्या आत लोंबी धरली होती. रोज सडकेने जाणाऱ्या माणसालाही दिसत होतं. पण पंचनामा होऊन गेला होता.

दसऱ्यानंतर हुकूम आला. प्रत्यक्ष पाहणीत क्षेत्र पड आढळले, सबब कुळाचा कसवणुकीचा दावा शाबीत होत नाही. टपालवाल्याने तो कागद दिला तेव्हा सरस्वती त्याच क्षेत्रावरून पाखरं हाकून आली होती. लोंब्या वाकल्या होत्या.

"अपील करू," मालिनीबाई म्हणाल्या. "साठ दिवस आहेत. फक्त पंच फुटला पाहिजे. ज्याला रोप दिलं, त्या माणसाने प्रतिज्ञापत्र द्यावं. बाकी मी बघते."

जयदेवला वैष्णवीनेच आणलं. पहिल्यांदाच तो अंगण ओलांडून ओटीवर बसला. वैष्णवी उंबऱ्याशी उभी राहिली. "मला जेवण जात नाय, वहिनी," ती म्हणाली. "दाणा भरलाय आमच्याकडं, एकेक लोंबी ही एवढी. खळ्यावर आळीतल्या बाया विचारतात, बी कुठलं. मी मुरबाड, मुरबाड करते. माझीच जीभ उलटते."

जयदेव म्हणाला, "आण कागद. काकाला काय बोलायचं ते बोलू दे."

अस्मिताने वहीच्या पानावर मसुदा लिहिला होता. तो तिने वाचून दाखवला. अमुक दिवशी मी बबन यांच्या राबातील सर्व रोप नेऊन माझ्या शेतात लावले, त्यामुळे त्यांना रहू टाकावी लागली. जयदेवने पेन घेतलं, टोपण काढलं. मग थांबला. आडून बोलण्यासारखं काही त्याच्या मनात नव्हतं, नुसती शंका होती.

"यात दिलं का, ते नाय लिहिलंस. साहेब विचारंल ना? स्वतःची केस चालू असताना असं सगळं रोप कोण देतं? मला पण कधी कळलं नाय, बबनदादा. मी तर तुमचा कोण पण नाय."

"शेजार म्हणून लिही," सरस्वती पटकन म्हणाली. "शेजारधर्म. चहा घेतोस ना, जयदेव? वैष्णवी, बस ग."

"नको," बबन म्हणाला.

"काय नको?"

"खोट्यावर त्याची सही नको." बबन भिंतीला टेकून बसला होता. तो सरळ झाला. "जयदेव, तुझा राब गेला ना, ते पाणी मी सोडलं होतं. शनिवारी. पाऊस येईल असं वाटलं. आला नाय."

वैष्णवीने एकदा सरस्वतीकडे बघितलं. सरस्वतीचे डोळे खाली होते. म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

"दरवर्षी सोडता?" जयदेवने विचारलं.

"पाऊस असला म्हणजे."

"मागच्या साली आमची म्हैस गेली. नाल्यावर पाणी प्यायची ती."

म्हशीचं बबनला ठाऊक नव्हतं.

जयदेवने टोपण पेनाला लावलं, ते नीट बसलं का बघितलं आणि पेन वहीवर ठेवलं. "म्हणजे तुमी रोप दिलं नाय," तो म्हणाला. "भरून दिलं. आणि मी तीन महिने तोंड लपवत फिरतोय." तो उठला. "चल ग."

"जयदेव, खाचराचं काय?" सरस्वतीने विचारलं.

"ते तुमी कारखान्याला विचारा."

दुसऱ्या दिवशी बबन दुसऱ्या पाळीला गेला. परतीचा पाऊस रेंगाळला होता. पाचच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि सुपरवायझर छत्री घेऊन टाकीशी आला. बबन म्हणाला, "मैं नहीं खोलेगा." सुपरवायझर हसला. तिसऱ्यांदा विचारताना हसला नाही. बबनला घरी पाठवलं आणि कंत्राटदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. त्याने चौदा वर्षांचा बूट आणि हातमोज्यांचा जोड जमा केला. हातमोजे त्याचे स्वतःचे होते, ते त्याला घरी आल्यावर आठवलं.

त्याच आठवड्यात खालच्या खाचराला लोखंडी खांब लागले आणि खांबांवर जाळी चढली. आत भात कापायला आलं होतं. सरस्वती विळा घेऊन गेली तर फाटकाशी खुर्ची टाकून उल्हासनगरचा सनी नावाचा रखवालदार बसलेला. तो उठून उभा राहिला. "मावशी, सर बोलले आत कोणाला सोडायचं नाय. माझी नोकरी जाईल."

"कापून न्यायचंय फक्त. तुझ्या सरांना भात नको असेल."

"विचारलं मी. ते बोलले, जेसीबी येणारच आहे, राहू दे."

चार दिवसांनी दाणे गळायला लागले. सरस्वती नाल्याच्या बाजूने गेली. तिथे जाळी बांधाला टेकली होती आणि भात जाळीवर वाकलं होतं. तिने जाळीच्या चौकटीतून हात घातला. कोपरापर्यंत जात होता. लोंबी मुठीत धरायची, खालून वर ओढायची, मूठ मिटूनच हात बाहेर काढायचा. मनगट दर वेळी खरवडत होतं. पदरात पायलीभर जमलं की वरच्या खाचरापुरतं बी होईल, असा तिचा हिशेब होता. सनीने लांबून बघितलं आणि खुर्ची दुसऱ्या तोंडाने फिरवली.

थोड्या वेळाने शेजारच्या बांधावर वैष्णवी आली. डोक्यावर भाताचा भारा होता. तो तिने खाली ठेवला. सरस्वतीकडे आली नाही. नाल्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली.

"वहिनी," तिने तिथूनच विचारलं, "दादा आज कामावर गेलेत?"

"नाय. घरी हायेत. काढलं त्यांना."

"का?"

"चाक फिरवायला नाय बोलले."

वैष्णवीने नुसतं बोटाने खाली दाखवलं. नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं, जांभळट, वर फेस. तोच वास सरस्वतीपर्यंत आला.

वैष्णवीने भारा उचलला आणि आपल्या वाटेने गेली. सरस्वतीने जाळीतून पुन्हा हात घातला.